धडा करा, मग ओता: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेताना आणि वापरताना

आमच्या घरात काटा आला तो सासूबाईंच्या चकलीच्या भाजणीमुळे. त्या मोजायच्या पितळी चिपट्यानं. चार चिपटी तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, एक पोहे, धने-जिरे मुठीनं. चिपटं घरात एकच आणि भाजणी करणाऱ्या आम्ही तिघी तीन गावांत. धाकटी नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, ते चिपटं राहू दे, मला ग्रॅम सांग."

मी काटा मागवला आणि पहिल्याच दिवशी चुकले. एक चिपटं तांदूळ भरून वजन केलं, २१० ग्रॅम आलं. मग सगळ्याच जिनसांना तोच आकडा लावून तिला यादी पाठवली, अगदी पोह्यांनासुद्धा. चिपटंभर पोहे भरतात शंभर ग्रॅमच्याही आत. तिच्या भाजणीत पोहे दुपटीहून जास्त पडले आणि चकल्या तेल पिऊन बसल्या. काट्याचा यात काही दोष नव्हता. वाटीचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळत नव्हतं. हा लेख नव्यानं काटा घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे त्यांच्या चकल्या तरी वाचतील.

घेताना काय बघायचं

दोन आकडे बघा. पहिला, काटा जास्तीत जास्त किती वजन पेलतो. दुसरा, किती बारीक दाखवतो. शाळेत व्हर्नियर कॅलिपरच्या धड्यात 'लघुतम माप' शिकलो होतो, तेच हे. घरगुती स्वयंपाकाला ५ किलोपर्यंत पेलणारा आणि १ ग्रॅमनं मोजणारा काटा बहुतेकांना पुरतो. पण त्या ५ किलोंत भांड्याचंही वजन धरलेलं असतं हे विसरू नका. बिडाची कढईच दोन-अडीच किलोची असली, तर आत घालायला उरले तेवढेच. दिवाळीत मोठ्या घाण्याचं करत असाल, पापड-कुरडयांचा घाट घालत असाल, तर १० किलोचा घ्या.

१० किलोचा आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा असा एकच काटा मिळाला तर भारीच, असं वाटतं. तो शेवटचा दशांश बहुधा नुसताच नाचत राहतो. केशर, यीस्ट, जायफळपूड असलं काही खरंच मोजायचं असेल, तर २०० किंवा ५०० ग्रॅमपर्यंतचा छोटा खिशातला काटा वेगळा घ्या. तो ०.१ किंवा ०.०१ ग्रॅम दाखवतो आणि फार महागही नसतो. मी मात्र वर्षभर त्याच्याशिवाय भागवलं. कसं, ते पुढे येईलच.

आता आमच्या भांड्यांची अडचण. बाजारातले बरेच काटे परदेशी वाडग्यांच्या बेतानं केलेले असतात. त्यावर आपली परात ठेवली की आकडे परातीखाली जातात आणि आपण मान वाकडी करून ओट्याला गाल टेकवून बघत बसतो. आकडे शक्यतो पुढच्या कडेला, मोठे आणि उजेडाचे असलेले बघा. तसा काटा नसेल तर उपाय सोपा आहे. काट्यावर मधोमध एक उंच, रुंद बुडाचा डबा ठेवायचा आणि त्यावर परात. डब्याचं वजन पुढे सांगते त्या बटणानं वजा होतं.

काचेचा पृष्ठभाग दिसायला देखणा आणि पुसायला सोपा असतो. पण काचेच्या काट्यांवर बहुधा स्पर्शाची बटणं असतात, आणि पिठाचे किंवा ओले हात त्यांना आवडत नाहीत. मला दाबायची बटणं बरी वाटतात. सेल कुठला लागतो तेही आधी बघा. साधे पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चपटा बटण सेल असेल तर घरात लहान मूल असताना फार जपा. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलाच काटा घ्या आणि जुना सेल ओट्यावर ठेवू नका.

मोबाइलला जोडला जाणारा, उष्मांक दाखवणारा काटा? मी सांगेन, नको. ते आकडे अ‍ॅपमधल्या तक्त्यातून येतात. काटा आपला फक्त वजनच करत असतो. चार-पाचशे ते हजार रुपयांत चांगला साधा काटा येतो. वरचे पैसे चांगल्या कढईला ठेवा.

आल्या दिवशी परीक्षा घ्या

सेलखाली अडकवलेली प्लास्टिकची पट्टी ओढून काढा. काटा सुरूच होत नाही म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी काहींची ही पट्टी आतच असते. मग काटा कडप्प्याच्या ओट्यावर सपाट जागी ठेवा, चारही पाय टेकलेत ना बघा, आणि तीन गोष्टी तपासा.

एक, खरेपणा. घरात प्रमाणित वजन नसतं, पण नाणी असतात. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, २०१९ च्या मालिकेतलं ७.७४ ग्रॅमचं. अशी १३ नाणी काट्यावर ठेवली की १०० किंवा १०१ दिसायला हवं. एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालेल. ९५ किंवा १०६ दिसलं तर परत करा. नाणी स्वच्छ असावीत, देवासमोरची हळद-कुंकू लागलेली नकोत. मिठाचं किलोचं पाकीट ठेवून काटा तपासू नका. त्यात पिशवीचं वजन असतंच, शिवाय किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमांतच चालवून घेतलेली आहे. मोठ्या वजनासाठी ओळखीच्या किराणा दुकानात जा. तिथला काटा सरकारी शिक्का मारलेला असतो. एखादी घट्ट झाकणाची भरलेली बरणी तिथे मोजून घ्यायची, आकडा लिहायचा, घरी येऊन परत मोजायची. आमचे वाणीकाका हसले, पण मोजून दिली.

दोन, तीच वस्तू पाच वेळा उचलून ठेवा. दर वेळी तोच आकडा, फार तर एका ग्रॅमच्या फरकानं यायला हवा. मला विचाराल तर हीच सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा. काटा सारखाच दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर पाककृती बिघडत नाही. मनाला येईल तसं दाखवत असेल तर तो काटा काय कामाचा?

तीन, तीच वस्तू चारही कोपऱ्यांत सरकवून बघा. आकडा फार बदलत असेल तर भांडं कायम मधोमध ठेवायची सवय लावावी लागेल. तशी ती असावीच.

हे सगळं का होतं, ते थोडक्यात. आत एक धातूची पट्टी असते. भार पडला की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेली बारीक तारेची जाळी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून आकडा काढला जातो. म्हणजे काटा खरं तर जोर मोजतो. म्हणूनच मुंबईत बेतलेला काटा लेक लंडनला घेऊन गेली, तर तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित जास्त असल्यानं तो किलोमागे अडीच-एक ग्रॅम जास्त दाखवेल. लाडवांना त्यानं काही होत नाही, नुसती गंमत.

धडा

काट्यावरचं सर्वांत कामाचं बटण म्हणजे टेअर, काहींवर त्याला झीरो म्हणतात. त्याचं काम ज्यांनी जुनी दुकानं पाहिली आहेत त्यांना चटकन कळेल. सुटं तेल आणायला बरणी नेली की वाणी आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्यात खडे, खिळे, जुनी वजनं टाकून पारडी सारखी करायचा. त्याला म्हणायचे धडा करणं. मग तेल ओतायचं. हे बटण दाबलं की तोच धडा होतो, फक्त खडे लागत नाहीत.

एकदा हे डोक्यात बसलं की एकाच भांड्यात सगळं मोजता येतं. रोजचा क्रम असा:

१. काटा सपाट जागी ठेवा, रिकामाच सुरू करा आणि शून्य स्थिर होईपर्यंत थांबा. भांडं ठेवून सुरू केलात तर तो त्यालाच शून्य धरतो. चालतं, पण मग भांड्याचं वजन कळत नाही.

२. एकक बघा. एकक बदलायच्या बटणाला चुकून हात लागतो आणि ग्रॅमऐवजी औंस होतं. २५० ग्रॅम साखर ८.८ दिसली की समजा औंस आहे. एक औंस २८.३५ ग्रॅमचा.

३. भांडं मधोमध ठेवा, धडा करा. शून्य.

४. पहिली जिन्नस घाला. हवं तेवढं झालं की पुन्हा धडा. दुसरी जिन्नस, पुन्हा धडा. केकच्या पिठाला यामुळे एकही वाटी भरत नाही आणि घासायची भांडी वाचतात.

५. प्रत्येक धड्याआधी आकडा बघा, जमल्यास लिहा. काटे दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतात. मधे दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, की परत येईपर्यंत काटा झोपलेला आणि किती रवा घातला होता ते देवाला ठाऊक.

६. शेवटी भांडं उचललं की उणे आकडा दिसतो. घाबरू नका, तेवढं भांडं आणि आतलं सगळं मिळून वजन होतं.

पंख्याचा वारा थेट काट्यावर नको, आकडा हलत राहतो. आणि गरम पातेलं काट्यावर थेट ठेवू नका. आतल्या पट्टीला उष्णता बाधते, आकडा सरकतो, प्लास्टिक असेल तर वितळतं ते वेगळंच. खाली लाकडी पाट किंवा जाड घडीचा कपडा ठेवून धडा करा.

काही काट्यांवर मिलिलिटरचंही एकक असतं. ते पाण्यापुरतंच धरा. तेल पाण्याहून हलकं असतं. लिटरभर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, तेलाच्या पिशवीवर हे दोन्ही आकडे तुम्ही पाहिले असतील. दूध किंचित जड, लिटरला १०३० ग्रॅमच्या आसपास. मध तर लिटरला जवळजवळ १४०० ग्रॅम.

चिमूटभर जिन्नस

१ ग्रॅमच्या काट्यावर ३ ग्रॅम यीस्ट मोजलं तर ते अडीच असेल किंवा साडेतीन. पावाच्या फुगण्यात हा फरक दिसतो. माझा नियम: १० ग्रॅमच्या खालचं काही या काट्यावर सरळ मोजायचं नाही.

शिवाय एक खोड आहे. तुम्ही चिमटी-चिमटीनं मीठ टाकत जाता आणि आकडा हलतच नाही. काटा बिघडलेला नसतो. फार हळू येणारा बारीक भार त्याला आपलीच चुळबुळ वाटते आणि तो शून्यावर खेचून धरतो. अशा वेळी वाटी उचलून परत ठेवा, खरा आकडा दिसेल.

त्याहून चांगली उलटी रीत. मिठाची किंवा यीस्टची अख्खी बरणीच काट्यावर ठेवा, धडा करा आणि चमच्यानं काढत जा. काढलेलं उण्यात दिसतं. उणे १२ दिसलं की १२ ग्रॅम बाहेर आले. चिकट गुळाला, तुपाला, मधाला ही रीत फार सोयीची, कारण चमच्याला चिकटून बरणीत परत गेलेलं आपोआप हिशेबात येतं.

आणि खरंच एक ग्रॅम यीस्ट हवं असेल तर ५ ग्रॅम १०० ग्रॅम कोमट पाण्यात कालवा आणि त्यातलं २१ ग्रॅम घ्या. खिशातला काटा न घेता मी वर्षभर असंच केलं. ५ ग्रॅम मोजतानाही थोडी चूक होतेच, पण ती पाच ठिकाणी वाटली जाते.

आपल्या वाटीचं वजन काढा

हे काम एका रविवारी करून टाका. घरातली रोजची वाटी काट्यावर ठेवा, धडा करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, जवळपास तेवढे मिलिलिटर. माझ्या वाटीत १५० आलं. आईकडच्या वाटीत १८५. दोघीही आयुष्यभर 'एक वाटी' म्हणत आलो.

मग वाटी कोरडी करून एकेक जिन्नस भरायची, सुरीच्या पाठीनं सपाट करायची आणि वजन लिहायचं. माझ्या त्या वाटीत साखर १२८ ग्रॅम बसली, तांदूळ १२६, बारीक रवा १०८. बेसन मात्र चाळून भरलं तेव्हा ६५ आणि डब्यातून दाबून घेतलं तेव्हा ८६. एकाच वाटीत, एकाच डब्यातलं बेसन. लाडू कधी बसतात आणि कधी जमतात याचं अर्धं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. मिठाचंही तसंच. खडे मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यानं घेतलं तर वजनात बराच फरक पडतो. कैरीच्या लोणच्याला तो महागात पडतो, कारण मीठ कमी पडलं की लोणचं नासतं. किलोभर फोडींना आमच्याकडे १७५ ग्रॅम मीठ जातं. हा आकडा मी आईच्या हातातून काढला. तिनं नेहमीसारखं मुठीनं मीठ घातलं आणि बरणी काट्यावर होती.

जुन्या हाताचं प्रमाण उतरवायचं असेल तर असंच करा. करणाऱ्या माणसाला वजन विचारू नका, तिला तिच्या सवयीनं करू द्या. जिनसांचे डबे आधी मोजून ठेवा, काम झाल्यावर परत मोजा. गेलं तेवढं प्रमाण. सासूबाईंची भाजणी मी दुसऱ्या खेपेला अशीच उतरवली. त्यांच्या 'मूठभर' धन्यांचे ३४ ग्रॅम निघाले. "बघू तुझा कागद," म्हणाल्या, आणि त्यावर पेननं मोहनाची ओळ वाढवली. ती मी विसरले होते. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते आणि कमी झालं की दातांना लागते, तेव्हा भाजणी मोजून मोहन अंदाजानं घालण्यात काही अर्थ नाही.

काही जिनसांत मात्र मुळातच वजनाचं प्रमाण चालत आलंय. पुरणाला डाळीइतकाच गूळ, अर्धा किलोला अर्धा किलो. तिथे काट्यावर सरळ मोजा, वाटी मधे आणू नका. उलट उकडीच्या मोदकांना पिठाइतकंच पाणी म्हणतात ते वाटीनं. तिथे पीठ आणि पाणी सारख्या वजनाचं घेतलंत तर उकड कोरडी पडेल, कारण पिठाची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा हलकी असते.

पथ्यासाठी मोजताना

मधुमेहामुळे किंवा वजनामुळे काटा घेणाऱ्यांचा सगळ्यांत मोठा घोटाळा कच्च्या-शिजलेल्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक सूचनांमध्ये धान्य-डाळींचे ग्रॅम कच्च्याचे असतात. आपण मोजतो ताटातला भात.

यावर तोडगा असा. रिकाम्या भांड्याचं वजन करा, समजा ४१२ ग्रॅम. २०० ग्रॅम तांदूळ नेहमीसारखे शिजवा. भांड्यासकट भात १०१२ भरला तर भात ६०० ग्रॅम. म्हणजे तुमच्या घरी भात तांदळाच्या तिप्पट होतो, आणि ताटातला १५० ग्रॅम भात म्हणजे ५० ग्रॅम तांदूळ. मोकळा भात करणाऱ्यांचा आकडा कमी येईल, गुरगुट्या करणाऱ्यांचा जास्त, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. रोजच्या भांड्यांची रिकामी वजनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आपण भांड्यांवर नावं घालून घेतोच, एकीनं तर नावाशेजारी वजनही घालून घेतलं. वेडेपणा वाटला होता, पण आता वाटतं आपणही घालायला हवं होतं.

पोळ्यांचं सोपं. सगळी कणीक एकदा मोजा, पोळ्यांच्या संख्येनं भागा. एखाद-दुसरा गोळा मोजला की हाताला अंदाज येतो. आणि मीठ: दिवसाला माणशी ५ ग्रॅमपर्यंत असं सांगतात. महिन्याच्या एक तारखेला मिठाचा डबा मोजा, तीस तारखेला परत मोजा, माणसांनी आणि दिवसांनी भागा. लोणचं-पापड-फरसाण यांतलं मीठ त्यात धरलेलं नसतं, तरी आकडा पाहून मी जरा गप्प झाले होते. काटा वजन सांगतो. औषधाचा डोस त्यावरून स्वतः ठरवू नका, ते डॉक्टरांना विचारा.

याचा उपयोग करू नये अशा दोन जागा

भाजीवाल्याकडून आणलेले टोमॅटो घरी ४० ग्रॅम कमी भरले म्हणून घरचा काटा घेऊन भांडायला जाऊ नका. घरगुती काट्याला शिक्का नसतो. दुकानात मापात मारतात असा खरंच संशय असेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. दुसरं, घरून लाडू-चकल्या किलोवर विकत असाल तर त्या विक्रीसाठी हा काटा चालत नाही, पडताळणी करून शिक्का मारलेलाच लागतो.

बिघडला असं वाटलं तर

दहापैकी सात वेळा सेल उतरलेला असतो. 'एलओ' अशी अक्षरं दिसतात किंवा ती दिसण्याआधीच आकडा इकडेतिकडे सरकायला लागतो. सेल बदला. 'ई' किंवा 'एरर' दिसलं तर वजन झेपत नाहीये, लगेच उचला. वरच्या ताटलीखाली डाळीचा दाणा किंवा सुकलेलं पीठ अडकलं तरी आकडा चुकतो. ताटली निघत असेल तर काढून खाली फुंकर मारा. पावसाळ्यात कोकणात तर आत मुंग्या आणि झुरळं बिऱ्हाड करतात, म्हणून आमचा काटा झाकणाच्या डब्यात राहतो.

धुवू मात्र नका. ओल्या कपड्यानं पुसा, कोरड्यानं टिपा. उभा ठेवला तर उत्तम. आडवा ठेवून त्यावर ताटांची चळत रचू नका. सतत भार राहिला की आतली पट्टी वाकलेलीच राहते आणि मग शून्यच खोटं होतं. महिनाभर गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा, आणि परत आल्यावर काही मोजायच्या आधी ती तेरा नाणी पुन्हा एकदा ठेवून बघा.